‘घरमालक दुरुस्ती करत नाही, भाडं थांबवू का?’

पावसाळा सुरू झाला की आमच्या समुपदेशन केंद्रात एक प्रश्न हमखास येतो. भिंतीला ओल आलीय, घरमालक दाद देत नाही, पुढच्या महिन्याचं भाडं थांबवलं तर चालेल का? विचारणारा माणूस आधीच वैतागलेला असतो आणि त्याला फक्त ‘हो, थांबवा’ एवढंच ऐकायचं असतं. मी तसं सांगत नाही. का, ते एका केसवरून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई एका रुग्णालयात परिचारिका. मूळच्या लातूरकडच्या. नवरा चाकणला कंपनीत, मुलगी बालवाडीत. पुण्यात कर्वेनगरला वन बीएचके, 11 महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, भाडं 18,000, डिपॉझिट 50,000. जूनच्या शेवटी बेडरूमच्या भिंतीला, फरशीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत, रंगाला फुगे आले. मग पोपडे निघायला लागले. पलंगामागे पांढरा लोणा धरला, खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी. गादी एका बाजूने कुजली. मुलीचा खोकला हटेना.

घरमालक सत्तरीचे. ताई त्यांना काका म्हणायच्या. पहिल्या फोनला काका म्हणाले, “पावसाळ्यात ओल सगळ्यांकडेच येते हो. दिवाळीला रंग मारून देतो.” दुसऱ्या फोनला म्हणाले, “तुम्ही घरात कपडे वाळत घालता, खिडक्या बंद ठेवता, मग काय होणार? घर नीट ठेवायला नको?” तिसरा फोन त्यांनी उचलला नाही. ऑगस्टचं भाडं ताईंनी भरलं नाही. लगेच काकांचा मेसेज आला : डिपॉझिटमधून कापून घेतो, करार संपला की जागा खाली करा. त्यानंतरच्या रविवारी ते न सांगता दारात येऊन उभे राहिले, घर बघायचंय म्हणून. ताई रात्रपाळी करून नुकत्या आडव्या झाल्या होत्या. जिन्यात आवाज चढले, शेजारपाजारचे दार उघडून बघायला लागले.

“मॅडम, मी 18,000 देते ते कोरड्या घराचे देते की नाही?” हे त्यांचं माझ्यासमोरचं पहिलं वाक्य. रास्तच होतं.

मी त्यांना विचारलं, या सगळ्यात सगळ्यात जास्त काय लागलं? मला वाटलं होतं, मुलीचा खोकला म्हणतील. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “ते म्हणाले ना, घर नीट ठेवायला नको का, ते. ड्यूटीवरून येऊन मी ती भिंत ब्लीचनं घासत होते. त्यांनी एकदा येऊन बघितलंसुद्धा नव्हतं.”

भाड्याच्या घरांच्या भांडणांत हे मी सतत पाहते. तक्रार नळाची, भिंतीची, गिझरची असते. पण माणूस दुखावलेला असतो तो आपल्याला मोजलंच नाही म्हणून. आणि भाडं थांबवणं हे बहुतेक वेळा ‘आता तरी माझ्याकडे बघा’ असं सांगणं असतं. अडचण अशी की घरमालकाला त्यातून हे ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतं, हे लोक पैसे बुडवणार. तिथून पुढे ओल बाजूला राहते आणि थकबाकी हाच विषय होतो. दुरुस्ती मागणारा माणूस एका रात्रीत थकबाकीदार ठरतो. म्हणून मी ‘थांबवा’ म्हणत नाही.

कायद्याची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण ताईंच्या नवऱ्याने मोबाइलवर वाचलं होतं की 15 दिवसांची नोटीस द्यायची, आपण दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून कापायचा. हे वाचलेलं खोटं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 मध्ये ती तरतूद आहे. वेगळं काही ठरलेलं नसेल तर जागा राहण्यायोग्य ठेवणं हे मालकाचं काम. त्याने टाळाटाळ केली तर किमान 15 दिवसांची नोटीस देऊन वाजवी वाट पाहायची, मग भाडेकरूने दुरुस्ती करून घ्यायची आणि खर्च वळता करायचा; पण एका वर्षात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये. मात्र हे कलम ‘भाडेकरू’साठी आहे. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, लायसन्सी असतो, म्हणजे जागा वापरायची फक्त परवानगी मिळालेला. त्याचे हक्क मुख्यतः करारात जे लिहिलंय त्यावर उभे असतात. शिवाय कराराची मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम 24 खाली मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाडं मागता येतं. पुण्या-मुंबईत नव्याने भाड्याने राहणारी बहुतेक कुटुंबं अशाच करारावर राहतात, आणि चाळीतल्या जुन्या पागडीवाल्यांचा (एकरकमी पागडी देऊन वर्षानुवर्षं राहणाऱ्या भाडेकरूंचा) कायदा आपल्यालाही लागू आहे असं धरून चालतात. यात फार नुकसान होतं.

ताईंचा करार काढून बघितला. जागा ‘नैसर्गिक झीज वगळता’ जशीच्या तशी परत करायची, हे होतं. दुरुस्ती कोणी करायची याबद्दल एक अक्षर नव्हतं.

ताईंच्या परवानगीने मी काकांना फोन केला. ते दुसऱ्याच दिवशी आले, हातात प्लास्टिकची फाइल. निवृत्तीचे पैसे घालून घेतलेला हा एकच फ्लॅट. स्वतः सिंहगड रस्त्याला मुलाकडे राहतात. या भाड्यातून काकूंची औषधं येतात. आधीच्या भाडेकरूने भिंतींना जागोजाग ड्रिल मारून ठेवलं होतं, त्याचे पैसे यांच्याच खिशातून गेले होते. “एकदा हो म्हटलं ना, की दर महिन्याला काहीतरी निघतं,” ते म्हणाले. त्यांचं न येण्याचं खरं कारण हे होतं. बघायला गेलो तर खर्च गळ्यात पडेल, ही भीती. दुष्टपणा त्यात नव्हता. पण ज्याचं लेकरू रात्रभर खोकतंय, त्याला ते दुष्टपणासारखंच दिसणार.

दोघांना समोरासमोर बसवण्याआधी मी एकच गोष्ट मागितली : खर्चाचं बोलू नका, आधी पाणी कुठून येतंय ते शोधू. ओलीच्या भांडणात लोक कारण न शोधता कोणी पैसे द्यायचे यावर महिनोन्‌महिने भांडतात. कारण सापडलं की निम्मं भांडण आपोआप मिटतं, कारण खर्च कोणाचा हे बहुतेकदा कारणच सांगतं. ओल दिवसरात्र सारखीच राहत असेल तर भिंतीतल्या चालू पाइपवर संशय घ्यायचा. आंघोळ-धुण्यानंतर वाढत असेल तर नहाणी ट्रॅप (बाथरूमचं पाणी वाहून जातं त्या तोंडाखालचा जोड) किंवा फरशीचे सांधे. पाऊस पडला की वाढते आणि उघडीप मिळाली की उतरते, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. छताला डाग असेल तर वरच्यांचं बाथरूम. सोसायटीच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावलीनुसार) बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइप, पावसाच्या पाण्याची गळती ही सोसायटीची जबाबदारी. फ्लॅटच्या आतलं काम सभासदाचं. म्हणजे बाहेरून पाणी येत असेल तर मालक आणि भाडेकरू या दोघांनी मिळून सोसायटीकडे अर्ज करायचा असतो, आणि ते एकमेकांशी भांडत बसलेले असतात.

काकांनी त्यांच्या ओळखीचा प्लंबर आणला, आणि तपासणीच्या वेळी काका आणि ताई दोघं हजर राहतील असं ठरलं. बाथरूमच्या पाण्याचा कॉक एक दिवस बंद ठेवला. कुटुंबाच्या आंघोळी शेजारच्या काकूंकडे झाल्या. डाग सुकायला लागला नाही, पण वाढलाही नाही. मग नहाणीचं तोंड घट्ट बंद करून फरशीवर पाणी साठवलं आणि भिंतीच्या टाइलवर पेन्सिलने पातळीची खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या दोन बोटं खाली गेलं होतं आणि पलीकडे बेडरूममधला डाग गडद होऊन पसरला होता. काका वाकून ती खूण बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे रंग मारला असता तर पैसे पाण्यातच गेले असते.” नहाणी ट्रॅपचा सांधा सुटला होता आणि खालचं वॉटरप्रूफिंग संपलं होतं.

पण काकांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. खिडकीच्या कोपऱ्यातली काळी बुरशी या गळतीची नव्हती. तिथे भिंतीला टेकून कपाट होतं, शेजारी कपडे वाळवायचा स्टँड आणि खिडकी कायम बंद. प्लंबरने ते दाखवल्यावर ताई म्हणाल्या, “बाल्कनीत झड येते, कपडे सुकवू कुठे? युनिफॉर्म तर रोज लागतो.” काकांना हे माहीतच नव्हतं. बाल्कनीला पावसाचा पडदा बसवून द्यायचं त्यांनी आपणहून कबूल केलं, आणि माझ्या मते दोघांमधला ताण तिथेच सैल झाला.

मग पैशांचं बोलणं झालं. इथे मी एक आधार पुढे ठेवते. केंद्र सरकारने 2021 मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरार कायदा. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण त्यात कामांची वाटणी सरळ दिली आहे : इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, पाइप बदलणं, वायरिंग हे मालकाकडे, नळ आणि त्याचे वॉशर, बटणं, सॉकेट, गिझरची दुरुस्ती, कुलपं-कड्या, तुंबलेली मोरी साफ करणं हे राहणाऱ्याकडे. घरात येण्याआधी मालकाने 24 तास आधी कळवावं, हेही त्यात आहे. ही यादी कोणा एकाच्या बाजूची नसल्याने दोघांनाही ती ऐकायला जड जात नाही.

ठरलं ते असं. बाथरूम फोडून नवा ट्रॅप, वॉटरप्रूफिंग, फरशी हा सगळा खर्च काकांचा. काम चालू असताना कुटुंब पिंपरीला ताईंच्या भावाकडे राहील आणि त्या दिवसांचं भाडं नाही. ऑगस्टचं थकलेलं भाडं दोन हप्त्यांत, बँकेतून. भिंतीचा गिलावा पूर्ण सुकल्याशिवाय रंग नाही, मग दिवाळी उलटली तरी चालेल. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खिडकी दिवसा उघडी. काकांनी यायच्या आधी मेसेज करायचा, आणि ताईंनी रात्रपाळीचे दिवस कळवून ठेवायचे.

गादीचा प्रश्न मात्र सुटला नाही. ताईंना भरपाई हवी होती, काका तयार नव्हते. शेवटी ताईंनीच तो विषय सोडला, पण मनाविरुद्ध. मी त्यांना आग्रह केला नाही. दुसऱ्या फोनलाच काकांनी येऊन भिंत बघितली असती तर ती गादी वाचली असती, हे मी काकांना स्पष्ट सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

यावर वाचणारे विचारतील, आमचा मालक तुमच्या त्या काकांसारखा नाही, तो फोनच उचलत नाही, त्याचं काय? तर तोंडी तक्रार बंद करा आणि लिहायला लागा. तारीख दिसेल असे फोटो, प्लंबरकडून लेखी अंदाजपत्रक, आणि त्यासोबत साधं पत्र : काय झालंय, कधीपासून, किती दिवसांत काम हवंय. मेसेजवर पाठवा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. मजकुरात राग नको, धमकी तर नकोच. भाडं वेळेवर आणि बँकेतूनच भरत राहा. तरी उत्तर नसेल तर वकिलाचा सल्ला घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत कायदेशीर मदत मिळते आणि स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बऱ्याच जणींना हे माहीत नसतं. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल आणि काम होण्याची चिन्हं नसतील, तर करारातला नोटीस कालावधी आणि लॉक-इन (ज्या मुदतीआधी जागा सोडता येत नाही ती) बघून जागा सोडणं हासुद्धा एक चांगला निर्णय असू शकतो. त्यात हार-जीत बघू नका.

घरमालकांना एवढंच सांगेन : चिडून पाणी किंवा वीज तोडू नका. भाडेकरूच्या बाबतीत त्याच 1999 च्या कायद्याचं कलम 29 त्याला थेट मनाई करतं, आणि करार लीव्ह अँड लायसन्सचा असला तरी असं करणाऱ्याची बाजू सहसा टिकत नाही. करार लेखी आणि नोंदणीकृत करणं हीसुद्धा कलम 55 प्रमाणे मालकाचीच जबाबदारी. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही.

ताईंचा करार पुढे त्याच घरासाठी नव्याने झाला. या वेळी त्यात दोन वाक्यं जास्त आहेत : ‘भिंतीतील पाइप, वॉटरप्रूफिंग, वायरिंग व गळतीची दुरुस्ती मालक लेखी सूचनेनंतर 15 दिवसांत करेल, रोजच्या वापरातील किरकोळ दुरुस्ती राहणारा करेल. ताबा देताना काढलेले फोटो दोघांकडे राहतील.’ एजंट जो छापील मसुदा आणतो त्यात अशी वाक्यं सहसा नसतात. नोंदणीसाठी अंगठा आणि फोटो देण्याआधी ती सांगून घालून घ्यावी लागतात.