प्रश्न तुमचे : सिम्युलेटरमधलं हेलिकॉप्टर हातात का येत नाही?

मागच्या अंकात डीसीएस या संगणकावरच्या लढाऊ उड्डाण-सिम्युलेटरमधल्या हेलिकॉप्टरांवर थोडंसं लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं इंदूरचीच आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात तोच सूर आहे : ‘माझा हात बसत नाही.’ माझी नोकरी सैन्यात चेतक आणि चीता हेलिकॉप्टरांच्या देखभालीत गेली. यंत्र नीट वागत नसेल तर वैमानिकाला दोष देण्याआधी दांडे, जोड आणि नियंत्रणांची जुळणी तपासायची, हे तिथे अंगात मुरतं. घरच्या टेबलावरही मी तेच करायला सांगेन.

काका, मी बँकेत आहे. नवीन जॉयस्टिक आणि पायातली पेडल्स घेतली. ह्यूई हेलिकॉप्टर जमिनीवरून सुटलं की नाक खाली घालतं आणि एका अंगाला कलंडतं. कर्व्ह (स्टिकच्या संवेदनशीलतेचा बाक) 30 केला, डेडझोनही (मध्याजवळचा मुका पट्टा) वाढवला. फरक शून्य. — एक वाचक, तिलकनगर

तुमचा हात ठीक आहे. नवीन यूएसबी उपकरण जोडलं की डीसीएस न विचारता त्याच्या अक्षांना कामं वाटून टाकतं. पेडल्सवरचे अंगठ्याकडचे दोन ब्रेक म्हणजेही दोन अक्षच. त्यांना बहुतेक वेळा पिच (नाक वर-खाली) आणि रोल (अंग डावी-उजवीकडे कलणं) चिकटलेले असतात. तुम्ही पाय नुसते टेकवले तरी सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर कलवणारा मधला दांडा, हलतो, आणि तुम्ही बिचारे हाताने तो सावरत बसता.

कंट्रोल्समध्ये जाऊन ह्यूई निवडा, अक्षांची यादी उघडा आणि प्रत्येक उपकरणाचा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. पिच आणि रोल फक्त स्टिकच्या रकान्यात राहू द्या, रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणं) फक्त पेडल्सच्या, कलेक्टिव्ह (यंत्र वर-खाली नेणारा डाव्या हाताचा दांडा) फक्त थ्रॉटलच्या. बाकी सगळं पुसून टाका. मग हेलिकॉप्टरमध्ये बसून उजवा कंट्रोल आणि एंटर एकदम दाबा. कोपऱ्यात एक लहानसा तक्ता येतो, त्यात सायक्लिक, कलेक्टिव्ह आणि पेडल्स कुठे आहेत ते दिसतं. हात-पाय सोडून बघा : एकही खूण थरथरता कामा नये. हा तक्ता पहिले काही आठवडे बंदच करू नका.

आता कर्व्ह. तो 30 वरून खाली आणा, शक्यतो शून्यावर. कर्व्हमुळे मधला भाग मऊ होतो आणि कडेचा भाग तीक्ष्ण. पण ह्यूई एका जागी तरंगताना सायक्लिक मध्यावर नसतोच. त्याचा मोठा पंखा वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो, त्याला तोलणारा शेपटीचा पंखा सगळं धूड उजवीकडे ढकलतो, म्हणून स्टिक थोडी डावीकडे धरावीच लागते. म्हणजे तुम्ही कर्व्हच्या उतारावर उभे असता. तिथून डावीकडे केसभर हललं तर जास्त परिणाम, उजवीकडे तेवढंच हललं तर कमी. हाताला सवय लागायची तरी कशाची? स्टिक फारच आखूड असेल तर 10 ते 15, त्यापुढे नाही. डेडझोन मात्र सरळ शून्य. तरंगताना सगळं कामच अगदी बारीक दुरुस्त्यांचं असतं, आणि डेडझोन नेमकं तेच गिळतो. सेन्सर जुना होऊन आपोआप उड्या मारत असेल तरच 1 किंवा 2.

जमलं तर स्टिक टेबलावरून काढून दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवा. खऱ्या हेलिकॉप्टरचा वैमानिक उजवा कोपरापुढचा हात मांडीवर टेकवून बसतो, हलतात ती बोटं आणि मनगट. हँगरबाहेर उभं राहून मी हे कितीदा तरी पाहिलं आहे : यंत्र जमिनीपासून दोन मीटरवर स्थिर आणि वैमानिकाचा हात झोपल्यासारखा. टेबलाच्या कडेवर लटकलेल्या हाताला ती मुभा मिळत नाही.

आणि एक. कलेक्टिव्ह उचललात की ह्यूईचं नाक उजवीकडे वळतं, म्हणून डावा पाय हवा. मी-8 आणि मी-24 या रशियन हेलिकॉप्टरांमध्ये नेमकं उलटं. आमच्या चेतकचा पंखाही त्यांच्यासारखाच, वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो. तिथे उजवा पाय. नाक वळल्यावर पाय देऊ नका, हात उचलतानाच पाय द्या.

प्लंबिंगचा पाइप वापरून घरीच कलेक्टिव्ह केला. जेल रोडवरून 10 के चा पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा भाग) आणि प्रो मायक्रो हा छोटा संगणक-बोर्ड आणला. चालतो, पण हेलिकॉप्टर सलग न चढता टप्प्याटप्प्याने चढतं. शिवाय हात सोडला की दांडा खाली पडतो. — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सुदामानगर

शाब्बास. तुझ्या पत्राबरोबरची आकृती मी दोनदा पाहिली. दांड्याचा बिजागर आसनाच्या मागच्या बाजूला, कमरेपाशी ठेवलास, हे अगदी बरोबर. हाताचा प्रवास खऱ्यासारखाच होतो.

टप्पे कुठून येतात ते बघ. प्रो मायक्रो व्होल्टेज मोजतो 1024 पायऱ्यांत. पण हा हिशेब पोटेन्शिओमीटर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरला तरचा. तो फिरतो साधारण 300 अंश, आणि तुझा दांडा हलतो जेमतेम 40. म्हणजे तुझ्या वाट्याला सुमारे 136 पायऱ्या येतात. त्यात दोन-तीन पायऱ्यांची थरथर धरली तर हाती उरतात पन्नासच्या आसपास. एवढ्यात जमिनीपासून हातभर उंच तरंगणं कठीण.

उपाय गिअरचा. बिगडलेल्या प्रिंटरमधून प्लास्टिकची चाकं काढ, दांड्यावर मोठं आणि पोटेन्शिओमीटरवर छोटं, प्रमाण एकास सहा. दांड्याचे 40 अंश तिकडे 240 होतील आणि पायऱ्या आठशेच्या घरात जातील. दातांमध्ये मोकळीक राहिली तर दिशा बदलताना दांडा काही क्षण मुका होतो, म्हणून छोटं चाक एका हलक्या स्प्रिंगने मोठ्यावर दाबून ठेव. पोटेन्शिओमीटरवर ‘बी’ हे अक्षर आहे ना, बघून घे. ‘ए’ असेल तर तो समप्रमाणात चढत नाही. तारा आखूड ठेव आणि प्रोग्राममध्ये आठ-दहा वाचनांची सरासरी घे. पुढेमागे बजेट झालं तर चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर बसव. घासणारा भाग नसल्याने धुळीचा त्रास संपतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात धूळ किती असते ते तुला माहीत आहे.

दांडा पडतो त्यावर स्प्रिंग लावू नकोस. स्प्रिंगशी हाताला सतत झगडावं लागतं. खऱ्या कलेक्टिव्हला घर्षण असतं आणि ते वैमानिक आपल्या हाताप्रमाणे कमी-जास्त करतो. सियागंजात टेफ्लॉनचे वॉशर मिळतील. बिजागराच्या दोन पत्र्यांमध्ये एकेक घाल आणि नायलॉनच्या कड्याचा नट लाव, म्हणजे तो थरथरीने सैल पडणार नाही. दांडा जिथे सोडला तिथे थांबावा आणि दोन बोटांनी हलावा, इतपतच आवळायचं.

थ्रॉटल पुढे ढकलला की कलेक्टिव्ह वर, हे मला उलटं वाटतं. — वाचक, रामबाग

वाटणारच, खरा कलेक्टिव्ह वर ओढायचा असतो. अक्षाच्या सेटिंगमध्ये दिशा उलटवण्याची खूण आहे, ती लावा. लिव्हर स्वतःकडे ओढला की शक्ती वाढेल. तुमच्या थ्रॉटलला आफ्टरबर्नरची (जेटच्या जादा जोराची) खाच असेल तर तीही काढा. तरंगताना हात नेमका तिथेच अडखळतो.

केए-50 या रशियन हेलिकॉप्टरमध्ये ट्रिमचं (स्टिक आहे त्या जागी धरून ठेवणारं) बटण सोडलं की हेलिकॉप्टर जोरात झटका खातं. मग मी ट्रिम वापरणंच सोडलं. — वाचक, लोकमान्यनगर

ट्रिम सोडू नका. त्याच्याशिवाय केए-50 तुमच्याशी भांडतच राहील. खऱ्या यंत्रात ट्रिमचं बटण सोडलं की स्टिक तिथेच राहते. तुमच्या टेबलावरची स्टिक मात्र स्प्रिंगने मध्यावर परत येऊ पाहते. बटण सोडलेल्या क्षणी सिम्युलेटर ती जागा नवीन मध्य धरतो आणि तुमच्या हाताचा झुकाव त्यावर पुन्हा मिळवतो. झुकाव दुप्पट झाला की झटका बसणारच.

सेटिंगमध्ये विशेष पर्यायांच्या पानावर ‘सेंट्रल पोझिशन ट्रिमर’ मिळेल. तो लावल्यावर बटण सोडलं की स्टिक मध्यावर येईपर्यंत सिम्युलेटर तिच्याकडे दुर्लक्ष करतो. म्हणून बटण सोडताच हातही सोडायचा. स्टिक तशीच धरून ठेवली तर यंत्र तुमचं ऐकणार नाही. स्प्रिंगच्या पेडल्सनाही हाच न्याय लागू आहे.

केए-50 मध्ये एकावर एक असे दोन पंखे आहेत, शेपटीला पंखाच नाही, त्यामुळे पायांचं काम बरंच हलकं. पण त्याचा ऑटोपायलट दिशा आणि कल धरून ठेवायला बघतो, आणि त्याला नियंत्रणांच्या प्रवासाचा साधारण 20 टक्केच अधिकार आहे. तुम्ही वळलात आणि ट्रिम केलं नाही, तर तो जुन्या दिशेकडे खेचत राहतो. वळण सुरू करताना बटण दाबून धरा, वळून स्थिर झालात की सोडा. नुसतं टिचकी मारून भागत नाही.

मुलगी अकरावीत आहे. रोज संध्याकाळी अपाचे उडवते, म्हणते मी हेलिकॉप्टरचीच वैमानिक होणार. हा खेळ तिच्या कामाचा आहे की वेळेचा अपव्यय? — एक आई, राजेंद्रनगर

ताई, तिला अडवू नका. पण कुठे उपयोग आहे आणि कुठे नाही, ते तिला स्पष्ट सांगा. ती उडवते ते अपाचे डी आहे, आपल्या हवाई दलात 2019 पासून आहे ते ई. बटणं पाठ झाली म्हणून निवड सोपी होत नाही. उपयोग आहे तो कॉकपिटमधली घड्याळं भराभर वाचण्याचा आणि हात-पायांच्या मेळाचा. हवाई दलाच्या उड्डाण शाखेसाठी संगणकावर वैमानिक-निवड चाचणी होते, तिची संधी आयुष्यात एकदाच मिळते. त्यात नापास झालं तर उड्डाणाचं दार बंद. म्हणून तिथे जाण्याआधी झोप, डोळे आणि गणित तिन्ही शाबूत हवीत.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित ठेवा. एनडीएत 2022 पासून मुलींनाही प्रवेश आहे. हवाई दलाचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण हकिमपेटला होतं. लष्कराचं स्वतःचं हवाई दल, म्हणजे आर्मी एव्हिएशन कोअर, 1986 मध्ये उभं राहिलं आणि त्याची शाळा नाशिकला आहे. मे 2022 मध्ये तिथूनच कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. तिला हे नाव सांगा, तिला आवडेल. आणि आठवड्यात दोन संध्याकाळी अपाचेऐवजी मैदानावर धावायला पाठवा.

मी-8 घेऊन उतरताना शेवटच्या पन्नास मीटरवर यंत्र दगडासारखं खाली येतं. कलेक्टिव्ह पूर्ण ओढला तरी थांबत नाही, उलट आणखी जोरात पडतं. — दोन भाऊ, सुदामानगर

ओढल्यामुळेच जोरात पडतं. पंखा हवा खाली ढकलतो. तुम्ही त्याच ढकललेल्या हवेत सरळ खाली उतरलात तर ती हवा पात्यांच्या टोकांवरून वळून परत वरून आत येते. पंखा स्वतःचीच हवा पुन्हा पुन्हा घुसळतो. कलेक्टिव्ह ओढला की ही घुसळण वाढते आणि उचल आणखी कमी होते. याला व्होर्टेक्स रिंग म्हणतात.

तीन गोष्टी जुळल्या की हे होतं : पुढचा वेग नगण्य, खाली येण्याचा वेग जास्त आणि पंख्यावर शक्ती. पैकी एक मोडली तरी पुरे. सुटण्यासाठी कलेक्टिव्ह थोडा खाली करून नाक पुढे द्या किंवा बाजूला सरका, म्हणजे पंखा ताज्या हवेत जाईल. मात्र त्याला उंची लागते आणि पन्नास मीटरवर ती नसते. तेव्हा आधीच सांभाळायचं. वेग ताशी 50 किलोमीटरच्या खाली गेला की खाली येण्याचा वेग सेकंदाला 2 मीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. त्या टप्प्यात वेगाच्या काट्यावर विसंबू नका, पंख्याच्या झोतामुळे तो खरं सांगत नाही. डॉप्लर रडारवर चालणारा, तरंगतानाची सरक दाखवणारा काटा आणि खिडकीबाहेरची झाडं बघा.

दोघे भाऊ आहात तर एकाने उडवायचं आणि दुसऱ्याने फक्त उतरण्याच्या वेगाचा काटा मोठ्याने वाचायचा : ‘एक, दोन, दोन, तीन’. ‘तीन’ ऐकू आलं की उतरणं सोडून पुढे निघून जायचं आणि फेरी मारून यायचं. कॉकेशसच्या फुकट नकाशात कोबुलेतीची धावपट्टी समुद्रालगत आहे, तिथे वारा शून्य ठेवून हे करा. तिथे जमलं की समोरून 5 मीटर प्रति सेकंद वारा लावा, आणि मग तोच वारा पाठीमागून लावून बघा. मागून वारा असताना तुम्हाला जमिनीवर वेग दिसतो, पण पंख्याला मात्र हवेतला वेग मिळालेलाच नसतो.