बाबांच्या सहीवर दादाला अ‍ॅडमिट करता येईल का?

प्रश्न: मॅडम, माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. बरं वाटतंय म्हणून त्याने परस्पर गोळ्या बंद केल्या, आता रात्रभर येरझाऱ्या घालतो, शेजारचे माझ्यावर पाळत ठेवतात म्हणतो, ताटातलं आधी आम्ही खाऊन दाखवलं तरच जेवतो. डॉक्टरकडे चल म्हटलं की मला काही झालेलं नाही! आई म्हणते गोळ्या चहात घालू, बाबा म्हणतात मी सही करतो, अ‍ॅडमिट करून टाकू. बाबांच्या सहीवर होतं का हे?

उत्तर: नुसत्या सहीवर नाही होत. 29 मे 2018 पासून मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 लागू आहे, त्यात पेशंट स्वतः तयार नसेल तर कलम 89 खाली भरती करता येते, पण त्यासाठी त्याच्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो (त्याने कुणाला नेमलं नसेल तर नातेवाईक म्हणून बाबा चालतील) आणि दोन जणांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक सायकिअ‍ॅट्रिस्ट हवाच. त्यांनी बघायचं काय, तर त्याने स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न केलाय का, दुसऱ्यावर हात उगारलाय का किंवा त्याची भीती वाटावी असा वागतोय का, नाहीतर स्वतःकडे इतकं दुर्लक्ष होतंय का की त्याला अपाय होईल. नुसता विचित्र वागतो, घरच्यांना झेपत नाही, एवढ्यावर नाही. आणि भरती जास्तीत जास्त 30 दिवस, पुढे ठेवायचं तर दोन सायकिअ‍ॅट्रिस्टची तपासणी आणि मानसिक आरोग्य मंडळाची परवानगी लागते. तुमचा भाऊसुद्धा मंडळाकडे दाद मागू शकतो, त्याला वकील फुकट मिळतो. बाबांना हे जाचक वाटेल, मला नाही वाटत. 2001 मध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या एका मनोरुग्ण आश्रमाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधून ठेवलेले 28 पेशंट जळून गेले, घरच्यांनी आणून सोडलेली माणसं होती ती. साखळीला आता या कायद्यात सरळ बंदी आहे.

चहाचं मात्र आईंना आजच थांबवा. तुम्हीच लिहिलंय की तो ताटातलं तपासून खातो, म्हणजे अन्नात काहीतरी मिसळतात हा संशय आहेच, उद्या कपाच्या तळाशी पांढरा चुरा दिसला की संशय खरा ठरला ना, मग तुमच्या हातचं पाणीही घेणार नाही. शिवाय डोस किती पोटात गेला ते डॉक्टरलाही कळत नाही.

"मला काही झालेलं नाही" हा हट्ट नसतो बरं का, या आजारात आपण आजारी आहोत हेच पुष्कळदा जाणवत नाही. त्यामुळे शेजाऱ्यांवरून वाद घालू नका, काही उपयोग नाही. झोप येत नाहीये हे त्यालाही मान्य असेल, त्यासाठी जाऊया म्हणा. आणि गोळ्या का सोडल्यास हे एकदा शांतपणे विचारा, वजन वाढणं, दिवसभर गुंगी, हात थरथरणं, यातलं काहीतरी निघतं बहुतेक वेळा. मग औषध बदलता येतं, किंवा महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शनही असतं, रोजची कटकट जाते. तो जागचा हलतच नसेल तर आधी तुम्ही घरचे जाऊन डॉक्टरला सगळं सांगून या.

सावरला की त्याच्याकडून 'आगाऊ निर्देश' लिहून घ्या, कलम 5. पुन्हा असं झालं तर कुठले उपचार चालतील, कुठले नकोत आणि माझ्या वतीने कुणी ठरवायचं, हे तो स्वतः लिहितो. बाबांऐवजी तुमचं नाव घातलं तर बाबांनी मनाला लावून घेऊ नये.

प्रश्न: मैत्रिणीने आत्महत्येचा प्रयत्न केला, वाचली. आता पोलीस केस होणार का? आणि तिच्या मेडिक्लेममधून सायकिअ‍ॅट्रिस्टचं बिल मिळेल का?

उत्तर: हॉस्पिटल पोलिसांना कळवेल, जबाब होईल, त्याला घाबरू नका. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 म्हणतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिला शिक्षा नाही, उलट उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं 309 कलम उरलेलंच नाही. विम्याचं म्हणाल तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्याच कलम 21 प्रमाणे मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं, पण ओपीडीचं बिल बहुतेक पॉलिसींमध्ये कुठल्याच आजाराचं मिळत नाही, तेव्हा पॉलिसी वाचा. मध्यरात्री तिला परत तसं वाटायला लागलं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. नंबर तिच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करून द्या, आणि डिस्चार्जनंतर निदान काही आठवडे तिला एकटी ठेवू नका.