आजार मोठ्या आतड्याचा, मग तपास लहान आतड्याचा का?

प्रश्न : माझ्या भावाला तीन वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. हा मोठ्या आतड्याचा आजार, असं डॉक्टर सांगतात. मग याच रुग्णांच्या लहान आतड्यातली जनुकं संशोधक कशासाठी तपासतात? (वाचक, सांगली)

उत्तर : आजार मोठ्या आतड्याचाच आहे. तो गुदाशयापासून सुरू होतो, मध्ये जागा न सोडता वर सरकतो आणि फार तर लहान आतड्याच्या दारापर्यंत येऊन थांबतो. लहान आतड्याकडे लक्ष वळलं ते एका शस्त्रक्रियेमुळे. औषधांनी आजार आवरत नाही तेव्हा मोठं आतडं आणि गुदाशय काढून टाकतात. लहान आतड्याचा शेवटचा भाग म्हणजे आयलियम. त्याचे ३० ते ४० सेंटिमीटर दुमडून, पदराला पदर शिवून पिशवी करतात आणि ती गुदद्वाराला जोडतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये ही पद्धत मांडली. आज सर्रास केली जाणारी दोन पदरांची ‘जे पाउच’ १९८० मध्ये जपानच्या उत्सुनोमिया यांनी दिली.

मोठं आतडंच उरलं नाही म्हटल्यावर आजार संपायला हवा. पण निम्म्याच्या आसपास रुग्णांना कधी ना कधी या पिशवीत दाह होतो. त्याला पाउचायटिस म्हणतात. हीच पिशवी फॅमिलिअल पॉलिपोसिसच्या रुग्णांनाही करतात. त्यांच्यात एपीसी हे एकच जनुक बिघडलेलं असतं आणि मोठ्या आतड्यात शेकडो गाठी उगवतात. त्यांना मात्र पाउचायटिस क्वचितच होतो. शस्त्रक्रिया तीच, टाके तेच, तरीही फरक एवढा मोठा! या आजाराच्या अभ्यासात इतका बोलका पुरावा दुसरा नाही, असं आम्हाला वाटतं. म्हणजे कोलायटिसच्या रुग्णाचं आयलियम, त्यातले जंतू आणि त्यांना तोंड देणारी प्रतिकारशक्ती यांच्यात कुठेतरी वेगळेपण आहे. जनुकांची सक्रियता मोजायची ती त्यासाठी.

आतापर्यंत हाती काय लागलं, तर पिशवीत मळ साठू लागला की आयलियम मोठ्या आतड्यासारखं वागायला लागतं. अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे आखूड होतात, मधल्या खाचा खोल होतात, चिकट स्रावाचा प्रकार बदलतो. मोठ्या आतड्याची जनुकं जागी होतात. पित्तक्षार, चरबी शोषणारी मंदावतात. दाह न दिसणाऱ्या पिशवीतही यातलं बरंच आढळतं. उलट, ज्यांची शस्त्रक्रिया झालेली नाही त्यांच्या निरोगी दिसणाऱ्या आयलियममधले बदल त्या मानाने किरकोळ असतात. भावाच्या लहान आतड्यातही आजार शिरलाय, असा अर्थ यातून काढू नका. पुढे पाउच करायची वेळ आलीच, तर वर्षातून एकदा रक्तातलं बी-१२ तपासून घ्या. ते शोषलं जातं ते नेमकं याच टोकाला.

प्रश्न : आयलियमच्या बायोप्सीतून जनुकांची सक्रियता मोजताना सर्वाधिक चुका कुठे होतात? (जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : चुका यंत्रावर कमी होतात, नमुना घेताना जास्त. जनुकांचं मूळ दप्तर पेशीच्या केंद्रकात राहतं; ज्या पानाचं काम पडेल त्याचाच उतारा बाहेर येतो. तो उतारा म्हणजे आरएनए. तो भलताच नाजूक असतो. बोटांच्या कातडीवरचं विकरही त्याचा चुरा करतं, म्हणून हातमोजे वारंवार बदलायचे.

चिमट्याच्या टोकात येणारा तुकडा जेमतेम २-३ मिलिमीटरचा, तांदळाच्या कणीएवढा. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकलात तर पॅथॉलॉजीला चालेल, पण आरएनए तुटून जाईल. म्हणून दोन कुप्या वेगळ्या ठेवा. आरएनएचा तुकडा मिनिटभरात संरक्षक द्रावात बुडवा, द्राव तुकड्याच्या निदान पाचपट हवा. रात्रभर ४ अंशांवर ठेवा, मग उणे ८० मध्ये. आधीच गोठवलेला तुकडा या द्रावात टाकून काही वाचत नाही. आरएनए काढल्यावर त्याची अखंडता १० पैकी किती, ते बघा. ७ च्या खाली असेल तर दुसरा तुकडा वापरलेला बरा.

आयलियमची खास अडचण म्हणजे पेयर्स पॅचेस, अस्तराखालचे लसिका पेशींचे पुंजके. चिमटा नेमका तिथे पडला तर निरोगी माणसाच्या नमुन्यातही प्रतिकारशक्तीची जनुकं उसळलेली दिसतात. दाह असेल तेव्हा हाच घोटाळा मोठ्या प्रमाणावर होतो. पांढऱ्या पेशींची गर्दी वाढते, त्यांचे उतारे मिसळतात आणि जनुक ‘वाढलं’ असं वाटतं. खरं तर वाढलेली असते पेशींची संख्या. म्हणून ईपीकॅमसारखं अस्तरापुरतं जनुक सोबत मोजा, किंवा पेशी सुट्या करून एकेकीचं वाचन करा. तुलनेसाठी मोजलं जाणारं जीएपीडीएच हे जनुक कायम स्थिर असतं हे गृहीत धरू नका. दाहात तेही हलतं.

रुग्णांचे नमुने एका दिवशी आणि निरोगी लोकांचे दुसऱ्या दिवशी चालवले, तर दिसणारा फरक दिवसांचा की आजाराचा, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. दोन्ही मिसळून चालवा. कुप्यांची अदलाबदल पकडायला एक सोपी युक्ती आहे : एक्सआयएसटी हे जनुक स्त्रियांच्या नमुन्यात भरपूर असतं, पुरुषांच्या जवळजवळ नसतं. नोंदवहीशी ताडून बघा. आणि हिशेबाची गोष्ट : २०,००० जनुकं तपासून पी-व्हॅल्यूची (फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ ही साधी मर्यादा लावलीत, तर काहीही फरक नसताना निव्वळ योगायोगाने १,००० जनुकं ‘महत्त्वाची’ ठरतील. इतकी जनुकं एकदम तपासल्याबद्दलची संख्याशास्त्रीय दुरुस्ती केल्याशिवाय यादी मार्गदर्शकांपुढे नेऊ नका.

प्रश्न : कोलायटिस असताना कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये ‘टर्मिनल आयलियममध्ये सूज’ असं आलं आहे. म्हणजे क्रोन्स झाला का? (वाचक, नाशिक)

उत्तर : लगेच तसं म्हणता येत नाही. क्रोन्स हा कोलायटिसचाच भाऊबंद, पण तो लहान आतड्यालाही धरतो. कोलायटिसने पूर्ण मोठं आतडं धरलेलं असेल तर शेवटच्या काही सेंटिमीटरांत सौम्य सूज येऊ शकते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी तिथे व्रण पडतात. गेल्या महिन्यात घेतलेल्या गोळ्या आठवून डॉक्टरांना सांगा. पोट साफ करायच्या फॉस्फेटयुक्त औषधानेही बारीक चट्टे येतात. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग याच जागी बसतो, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वाढवण्याआधी तो नसल्याची खात्री व्हायलाच हवी. बायोप्सीत जंतू सापडला नाही म्हणजे क्षय नाही, असं होत नाही.

प्रश्न : कोलायटिससाठी बाजारातली जनुकचाचणी करून घ्यावी का? (वाचक, ठाणे)

उत्तर : निदानासाठी नको. हा एका जनुकाचा आजार नाही, आणि लाळेतल्या डीएनएवरून आतड्यात आज कोणतं जनुक किती सक्रिय आहे ते कळत नाही. उपयोगाची चाचणी वेगळी आहे. ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करणार असाल तर आधी एनयूडीटी-१५ हे जनुक तपासून घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. भारतीयांमध्ये, याच औषधासाठी तपासल्या जाणाऱ्या टीपीएमटी या दुसऱ्या जनुकापेक्षा याच जनुकातला बदल जास्त आढळतो. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर नेहमीच्या मात्रेनेही काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी कोसळतात आणि केस झपाट्याने गळतात. चाचणी निर्दोष आली तरी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चुकवू नका. सुरुवातीला दर आठवड्याला, पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने.