३०० ओहमच्या हेडफोनला साउंड कार्ड घेऊ की अँप (अँप्लिफायर)?

तुम्ही म्हणताय की सेन्हायझर एचडी ६०० थेट कॉम्प्युटरला लावलाय आणि व्हॉल्यूम फुल करूनही आवाज पुरत नाही. त्याचं कारण सरळ आहे, हा हेडफोन ३०० ओहमचा आहे, म्हणजे त्याचा विद्युत अवरोध (इम्पिडन्स) जास्त आहे, त्याला व्होल्टेज जास्त लागतं आणि बऱ्याच मदरबोर्डच्या जॅकमधून तेवढं मिळतच नाही. तरी खर्च करायच्या आधी एकदा पुढच्या जॅकऐवजी मागच्या जॅकला लावून बघाच, कधीकधी फरक पडतो.

घ्यायचंच असेल तर माझं मत यूएसबीवर चालणाऱ्या बाहेरच्या डॅक-अँपला, म्हणजे कॉम्प्युटरचा डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून वाढवून देणाऱ्या छोट्या डब्याला. माझ्याकडे आधी केसच्या आत बसणारं साउंड कार्ड होतं, शेजारीच ग्राफिक्स कार्ड, त्यामुळे नुसता माउस हलवला तरी कानात बारीक किर्रर्र यायचं आणि गेम चालू केला की ते अजून वाढायचं, बाहेरचा डबा लावला आणि पहिल्याच दिवशी ते गेलं.

बॉक्सवरचा मिलीवॅटचा मोठा आकडा बघून भुलू नका हां, तो बहुतेक वेळा ३२ ओहमवरचा असतो. ३०० ओहमवर किती देतो ते स्पेकमध्ये शोधा, तिथे खरे ३०-४० मिलीवॅट मिळाले तरी भरपूर झाले. आणि पुढे कधी ३२ ओहमचा हेडफोनपण लावणार असाल तर अँपचा आउटपुट इम्पिडन्स (त्याच्या जॅकचा स्वतःचा अवरोध) ४ ओहमच्या आत हवा, म्हणजे हेडफोनच्या एक अष्टमांश, नाहीतर काही हेडफोनमध्ये बेस फुगल्यासारखा वाटतो.

७.१ सराउंडसाठी, म्हणजे आवाज चहूबाजूंनी आल्यासारखा वाटावा म्हणून, वेगळे पैसे घालू नका, विंडोजमध्येच असलेली विंडोज सोनिक ही सोय फुकट आहे.