वाचकांचे प्रश्न : जुनी 70-210 लेन्स घेताना

प्रश्न : घरी मिनोल्टा 7000 हा रोलचा कॅमेरा आहे. कुस्तीच्या मैदानात फोटो काढायला त्याच कंपनीची जुनी ऑटोफोकस 70-210 एमएम एफ/4 लेन्स स्वस्तात मिळतेय. घेऊ का? (निपाणी)

उत्तर : घ्या, पण हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. ही लेन्स 1985 सालची, 7000 च्याच पिढीतली. फोकसची मोटर कॅमेऱ्यात असल्यामुळे लेन्समध्ये बिघडण्यासारखं फारसं नाही.

मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघा. धुळीचे चार कण चालतील. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. मग माउंटजवळचा (लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या कड्याजवळचा) छोटा लिव्हर बोटानं सरकवा. कॅमेऱ्यावर नसताना अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाची) पाती मिटलेली असतात, लिव्हर सरकवला की उघडतात. सोडताच ती चटकन मिटायला हवीत. रेंगाळली तर पात्यांवर तेल उतरलंय. एफ/4 ला भोक पूर्ण उघडंच असतं, म्हणून हे कळत नाही. एफ/8 किंवा एफ/11 ला, म्हणजे लहान भोकाला, मात्र जास्त प्रकाश आत जातो आणि निगेटिव्ह गडद येते.

उलट निगेटिव्ह फिकी आली तर लेन्सवर आळ घेऊ नका. अ‍ॅपर्चर आवरणारा चुंबक अडकणं हे 7000 चं जुनंच दुखणं. मग काहीही सेट करा, पाती पूर्ण मिटतात. रोल न भरता मागचं झाकण उघडा, फोकस मॅन्युअलवर टाका, एम (मॅन्युअल) मोडमध्ये एफ/4 आणि 1 सेकंद ठेवून बटण दाबा. मागून भोक बारीक दिसलं तर दोष कॅमेऱ्याचा.

मैदानात 400 आयएसओचा (कमी प्रकाशातही चालणारा) रोल भरा, शटर 1/250 सेकंदापेक्षा हळू नको. सूर्य बुडाला की एफ/4 अपुरं पडतं. फोकसचा सेन्सर मधोमध एकच. तांबड्या मातीनं माखलेल्या सपाट पाठीवर तो चाचपडत बसतो. लंगोटाच्या उभ्या कडेवर धरा.

प्रश्न : चामड्याच्या कव्हरात जपूनही लेन्सला बुरशी आली. (खानापूर)

उत्तर : कव्हरामुळेच! तुमच्याकडच्या पावसात चामडं ओल धरतं. लेन्स रबरी कडेच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलसोबत (ओल शोषणारे दाणे) ठेवा. आत छोटा आर्द्रतामापक, काटा 40 ते 50 टक्क्यांत. निळे दाणे गुलाबी झाले की गरम करून पुन्हा वापरा. तांदूळ नकोत, त्यांची भुकटी आत जाते. आलेली बुरशी कारागीर पुसून देईल, पण तिनं काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहणारच.