शंभर मुलांच्या वर्गात व्याख्यान किती उपयोगी?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो. प्रथम वर्षाच्या वर्गात शंभराहून अधिक विद्यार्थी आहेत; त्यांतील बरेचसे खेड्यांतून एस.टी.ने येतात आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेले आहेत. व्याख्यानपद्धती आता कालबाह्य झाली आहे, असे आम्हाला एका प्रशिक्षणात सांगण्यात आले. एवढ्या मोठ्या वर्गात, अभ्यासक्रम वेळेत संपवायचा असताना, दुसरे काय करता येईल?
– एक प्राध्यापक वाचक

उत्तर : व्याख्यान टाकून देण्याचे कारण नाही, तासभर अखंड बोलणे मात्र सोडावे लागेल. नवी संकल्पना समजावून देणे, पुस्तकात विखुरलेले मुद्दे एका सूत्रात आणणे, ही कामे चांगले व्याख्यान उत्तम करते. मात्र सांगितलेले कितपत समजले, हे त्यातून ना शिक्षकाला कळते ना विद्यार्थ्याला.

अमेरिकेतील स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवी वर्गांवरील २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापासांचे सरासरी प्रमाण ३३.८ टक्के होते, तर तासातच प्रश्न सोडवायला आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होते. लहान वर्गांत फायदा अधिक दिसला, तरी मोठ्या वर्गांतही तो होताच. (इतिहास किंवा साहित्याच्या तासाला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.)

आपल्या विषयासाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरलेली रीत सोयीची आहे आणि तिला फळा-खडूपलीकडे काही लागत नाही. पंधरा-वीस मिनिटे शिकवून झाल्यावर फळ्यावर एक प्रश्न लिहावा : सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती? एक, शून्य; दोन, वरच्या दिशेने; तीन, खालच्या दिशेने. प्रत्येकाने मिनिटभर स्वतः विचार करून, शेजाऱ्याला दिसणार नाहीत अशी बोटे छातीशी धरून उत्तर द्यावे. बरोबर उत्तर तीन असले, तरी वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य, असे समजणारे पुष्कळ निघतील. बरोबर उत्तरे साधारण ३० ते ७० टक्के असतील, तर शेजाऱ्याशी दोन-तीन मिनिटे चर्चा करू देऊन पुन्हा बोटे वर करायला सांगावे. त्याहून कमी असतील, तर तो भाग आपणच पुन्हा शिकवावा. ही चर्चा मराठीतूनच होऊ द्यावी, असा माझा आग्रह आहे. इंग्रजीत टिपून घेतलेली व्याख्या पाठ असूनही ज्याला तिचा अर्थ लागलेला नसतो, तो विद्यार्थी आपल्या बोलीत वाद घालताना प्रथमच विषयाला भिडतो.

यात वेळ जातो, हे खरे. त्यासाठी पुस्तकात नीट दिलेल्या सिद्धता वाचून यायला सांगाव्यात आणि नोट्स लिहून देण्यात जाणारा वेळ वाचवावा.

एक अडचण मात्र आधीच ओळखून ठेवावी. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः प्रश्न सोडवणारे विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले. पण ओघवते व्याख्यान ऐकणाऱ्यांच्या तुलनेत आपण कमी शिकलो, असे त्यांना वाटले. "सर शिकवतच नाहीत, नुसते प्रश्न विचारतात" ही तक्रार आपल्याकडेही येऊ शकते, आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला ती महागात पडू शकते. म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात या पद्धतीचे कारण विद्यार्थ्यांना आणि विभागप्रमुखांनाही स्पष्ट सांगावे, आणि सुरुवात तासाला एकाच प्रश्नाने करावी.