मेणबत्ती विझल्यावर पाणी का चढलं?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर पालथा काचेचा पेला, हा प्रयोग वर्गात केला. पाणी चढलं. 'ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणजे हवेत एक पंचमांश ऑक्सिजन', असं मी सांगितलं. एका मुलीने हट्टाने तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी आणखी वर गेलं. म्हणाली, "मॅडम, पेला तोच, मग ऑक्सिजन वाढला का?" मी विषय बदलला. आता काय सांगू?

उत्तर : ताई, तुम्ही विषय बदललात, मी तर एका मुलाला गप्प बसवलं होतं. फरशीवर पालथा पडून, ताटलीच्या पातळीला डोळे लावून तो बघत होता. म्हणाला, "सर, आधी बुडबुडे बाहेर आले. आणि पाणी ज्योत विझल्यावर चढलं." मी म्हटलं, "ऊठ, गणवेश मळेल." घरी आल्यावर चैन पडेना. ओट्यावर तोच प्रयोग पाच वेळा केला, पाचही वेळा पोरगं बरोबर. तोवर अकरा वर्षं मी तुमचंच वाक्य फळ्यावर लिहीत आलो होतो.

त्या वाक्याचा शेवट खरा आहे. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतोच. पण मेणबत्ती तो सगळा संपवत नाही, प्रमाण १६-१७ टक्क्यांच्या आसपास उतरलं की विझते. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तोही लगेच पाण्यात विरघळत नाही. खरी करामत उष्णतेची. पेला ठेवताना ज्योतीभोवतीची हवा तापून फुगलेली असते, त्यातली थोडी काठाखालून निसटते. तेच ते बुडबुडे. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. तीन ज्योती म्हणजे जास्त तापलेली हवा.

हे लगेच सांगून टाकू नका मात्र. त्या मुलीचा प्रश्न तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहा. पाच-पाच जणांचे गट करा, पोषण आहाराच्या ताटल्या चालतात, पाण्यात थोडी शाई टाका म्हणजे पातळी नीट दिसते. (ओढण्या मागे बांधायला लावा, जवळ पाण्याची बादली.) एका गटाला मेणबत्ती देऊच नका. गरम पाण्याने विसळलेली बरणी पालथी घालू दे. उकळतं पाणी नको, काच तडकते. ज्योत नसतानाही पाणी चढतं! त्यात आतल्या वाफेचं पाणी होण्याचाही वाटा आहे. कोणी ते ओळखलं तर वाद घालू नका, शाबासकी द्या.

एक पंचमांश दाखवायचाच असेल तर लोखंड गंजवा. परीक्षानळी आतून ओली करून तळाशी लोखंडाचा कीस चिकटवा, नळी पाण्याच्या पेल्यात उपडी धरून बांधा. शेजारी कीस नसलेली तशीच एक नळी. गंजताना लोखंड ऑक्सिजन घेतं आणि बदल्यात कुठलाही वायू सोडत नाही. चार-पाच दिवसांत १५ सेंटिमीटरच्या नळीत पाणी साधारण ३ सेंटिमीटर चढून थांबतं. पातळी रोज एकाच वेळी मोजायला सांगा. दुपारच्या उन्हात हवा फुगते आणि आकडा फसवतो. शेजारची नळी ही फसवणूक पकडून देते.

कीस लेथवाल्याकडे फुकट मिळतो, पण तेलकट असतो. सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन घ्या. मी आधी घरची भांडी घासायची तारेची घासणी कोंबली होती. आठवडा गेला, पाणी हललं नाही. ती निघाली स्टेनलेस स्टीलची!